गबाळी असली तरी

नसीम, परवा तुझ्या शोकसभेत मी भांडले. आपल्याच शाळेच्या हॉलमध्ये, तुझ्या फोटोचा हार अजून ओला असताना. तू असतीस तर माझा पदर ओढून म्हणाली असतीस, "बस की सुमन, लोक बघायलेत." मी बसले नाही.

झालं असं. नवे मुख्याध्यापक बोलायला उठले. त्यांनी तुला कधी पाहिलेलंच नाही. तू आणि मी निवृत्त झाल्यावर ते वडवणीला आले. त्यांनी लिपिकाला सांगितलं असणार, मॅडमच्या फाइलमधून चार ओळी काढून द्या. लिपिकानं मेहनत घेऊन काढल्या. सरांनी माइक हातात घेतला, मान तिरकी केली, आवाज जड केला आणि वाचलं, "कैलासवासी नसीम मॅडम यांची राहणी गबाळी असली तरी त्यांचे अध्यापन उत्तम होते."

तुला कैलासात पाठवलं ते एक वेळ मी चालवून घेतलं असतं. तूही पोट धरून हसली असतीस. पण 'गबाळी' म्हटल्यावर हॉलमध्ये लोक हसले. वाईट मनानं नाही, मायेनंच हसले. माझ्या शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "हो बाई, तशा होत्याच. पण मन लई चांगलं." पहिल्या रांगेत तुझी लेक रुखसार बसली होती. तिनं खाली बघितलं आणि आपली ओढणी सारखी केली. तिची ओढणी आधीपासूनच सारखी होती. ते बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

तीसएक वर्षं तू या शाळेत इंग्रजी शिकवलंस. ऊसतोडीला जाऊन आलेल्या, चार महिने वर्गाचं तोंड न पाहिलेल्या पोरींना तू इंग्रजीत अर्ज लिहायला लावलास. आणि शेवटी तुझ्या नावापुढं उरलं काय, तर साडी कशी होती. एवढ्या वर्षांत आपल्या शाळेत चार मुख्याध्यापक झाले, त्यातल्या एकाच्या शर्टाला कायम तंबाखूचे डाग असायचे. त्यांच्या निरोपाच्या भाषणात कुणी डागाचा उल्लेख केला? 'साधी राहणी' म्हणाले. पुरुषाची साधी राहणी आणि बाईचा गबाळेपणा, हे एकाच डागाला दिलेले दोन शेरे आहेत. हे तूच मला शिकवलंस.

तुझी ती वही मला आठवते. जुन्या हजेरीपटांची उरलेली कोरी पानं तू दाभणानं शिवून घेतली होतीस. मुलांच्या नावाच्या जागी तू शब्द लिहायचीस. बाईला लावायचे शब्द, तेही फक्त एकाच प्रकारचे: पसारा करणारी, मळकी, पदराचं भान नसलेली. इंग्रजीतले जुने शब्द, जे आता इंग्रजांनाही आठवत नसतील. बीडच्या भंगारवाल्याकडून तू किलोवर घेतलेला, पाठ नसलेला कोश होता ना, त्यातून तू ते वेचून काढायचीस. पहिल्या रकान्यात शब्द. दुसऱ्यात तो कुठून आला. आणि तिसऱ्या रकान्याचं शीर्षक होतं, 'तेव्हा ती काय करत होती?'

हा तिसरा रकाना कुठून आला ते तू मला एकदाच सांगितलंस. तू आठ-नऊ वर्षांची होतीस. बाजाराच्या दिवशी अब्बांच्या गाड्यापाशी बसून सीताफळं विकत होतीस. एक चांगल्या घरची बाई आली, तुझे हात बघितले आणि म्हणाली, "किती फुहड पोरगी हाय ही. हिच्या हातचं नको." हात चिकट होते, कारण तू सकाळपासून पिकलेली फळं कच्च्यातून वेगळी काढत होतीस. पिकलेलीच फळं त्या बाईला हवी होती. "ती शिवी मला आठवत न्हाई येवढी," तू म्हणालीस, "पर मी काय करायलते ते तिला दिसलंच न्हाई, ते लक्षात हाय."

मला तेव्हा तुझी ही वही म्हणजे निव्वळ वेड वाटायचं. मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी तू वही उघडायचीस. "ऐक," म्हणायचीस. मी मराठीची, मला तुझं इंग्रजी काय कळणार? पण तू सांगायचीस तेव्हा सगळं इथंच, आपल्या आठवडी बाजारात घडल्यासारखं वाटायचं.

ड्रॅगलटेल. जिच्या घागऱ्याचा घेर चिखलातून फरफटत जातो ती. तिसऱ्या रकान्यात तुझं अक्षर: 'पाण्याला चालली होती. रस्ता कुणी केला नव्हता.'

स्लॅटर्न. सांडणं, शिंतोडे उडवणं अशा अर्थाच्या कुठल्यातरी गावठी इंग्रजी शब्दावरून आला असावा, नक्की कुणालाच माहीत नाही. तिसऱ्या रकान्यात: 'भरलेलं भांडं उचलत होती.' एवढंच लिहून तू खाली रेघ मारली होतीस.

मॉकिनवर मात्र तू अर्धं पान लिहिलं होतंस. हे मुळात एका बाईचं लाडाचं नाव, आपण मथुराची मथी करतो तसं. मग ते स्वयंपाकघरातल्या कुठल्याही मोलकरणीचं नाव झालं. मग मळक्या बाईचं. मग पावाची भट्टी आतून पुसायच्या फडक्याचं. आणि शेवटी शेतातल्या बुजगावण्याचं. तो दिवस मला आठवतो, कारण तू जेवली नाहीस. "नाव होतं बघ, सुमन," तू म्हणालीस, "कुन्या मायनं हौसेनं ठिवलं आसंल. पुसून पुसून ह्यांनी त्याचं फडकं केलं." मी म्हणाले, डबा खा, भाजी गार होतीय. मला तेव्हा एवढंच सुचलं.

हसी, म्हणजे वाया गेलेली बाई, हा शब्द तर घरच्या बाईचा, हाउसवाइफचाच झिजून झालेला. बीझम म्हणजे झाडू, आणि तिकडं उत्तरेकडं नको असलेल्या बाईलाही तेच म्हणायचे. यावरून आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, आमच्यात असं नसतं हं, आम्ही केरसुणीला लक्ष्मी मानतो, दिवाळीला तिची पूजा करतो. तू चष्म्यावरून माझ्याकडं बघितलंस. "केरसुनीला हळदकुकू लावता तुमी. आन् ती धरनारीला काय लावता?" मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. आमच्या घरी झाडायला येणाऱ्या बाईचा कप मी दाराच्या वरच्या फळीवर वेगळा ठेवत होते, आणि तू तो पाहिला होतास. तेव्हा तू मला टोचून बोललीस असं वाटलं. आज वाटतं, तू फार मऊ बोललीस.

मराठी शब्द तू माझ्याकडून काढून घेतलेस. अजागळ कुठून आला हे मीच तुला सांगितलं, भाव खाऊन. शेळीच्या गळ्याला दोन गाठी लोंबतात, आचळासारख्या दिसतात, पण दूध नसतं, तशी ती बिनकामाची, अजागळ. तू आधी हसलीस. मग वही पुढं ओढलीस. "म्हंजी दूध न्हाई म्हनून नाव ठिवलं व्हय?" असं म्हणून तू पेन उचललंस, आणि तिसरा रकाना मात्र रिकामा ठेवलास. तो तू नंतर भरलास का, मला माहीत नाही.

आणि गबाळी. हा शब्द तू कुणाला न विचारता स्वतःच शोधलास. दसऱ्यानंतर बसस्टँडसमोर ट्रॅक्टर उभे राहतात, कारखान्यावर निघालेल्या टोळ्या आपापली बोचकी चढवतात, तिथं तू उभी होतीस. एक बाई तवा, गोधडी, कंदील, कोंबडीची डाल असं सगळं एका लुगड्यात बांधून डोक्यावर घेऊन पळत होती, आणि मुकादम ओरडत होता, "ए, तुझं गबाळ आण लवकर." तू तशीच शाळेत आलीस आणि वहीत लिहिलंस. गबाळ म्हणजे चिंध्याचांध्यांचं गाठोडं. तेव्हा ती काय करत होती? 'घर डोक्यावर घेऊन चालली होती.'

हे मला ठाऊक होतं, नसीम. हे वाचलेलं असताना मी पुढं ते केलं. म्हणून तर सांगायला बसले आहे.

नववीच्या वर्गात तू एकदा ड्रॅगलटेल फळ्यावर लिहिलंस आणि मुलींना समजावलंस. मागच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली होती, "मॅडम, माझी आई तर रोजच ड्रॅगलटेल हाय." वर्ग हसला. "माझी बी होती," तू म्हणालीस. दुसऱ्या दिवशी दोन पालक आले, मॅडम वर्गात इंग्रजी शिव्या शिकवतात म्हणून. मी तेव्हा पर्यवेक्षिका. मी तुलाच बाजूला घेऊन सांगितलं, हे बंद कर, असले शब्द मरायला आलेत, मरू देत. "शब्द मरतेत का?" तू म्हणालीस. "नवे कपडे घालून येतेत. पोरींला वळखता यायला पायजे." या वादात मी तुला कधीच जिंकू दिलं नाही. माझ्याकडं अधिकार होता, वाद घालायची गरजच नव्हती.

आता ते वाक्य. ज्यावर मी परवा उठून भांडले ते, 'गबाळी असली तरी'.

ते माझं आहे, नसीम.

त्या वर्षी मी प्रभारी मुख्याध्यापिका होते. तपासणी लागली होती. मुलींचा संडास तीन दिवसांपासून तुंबला होता, सफाईवाला येत नव्हता, आणि मी काय केलं होतं? दाराला कुलूप लावून मोकळी झाले होते. कुलूप लावलं की तपासणीत दिसत नाही. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या त्या परत यायच्याच नाहीत. हे तू पाहिलंस. शिपायाकडून किल्ली घेतलीस, पदर खोचलास, बांबूचा तुकडा आणि दोन बादल्या घेऊन आत गेलीस. तपासणीचे साहेब अर्धा तास लवकर आले. मी त्यांना घेऊन व्हरांड्यातून चालले होते आणि समोरून तू बाहेर पडलीस. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, अंबाडा सुटलेला, हातात बादली. अंगाला वास येत होता. खोटं कशाला बोलू, येत होता. तू हसून "गुड मॉर्निंग सर" म्हणालीस.

साहेबांनी रुमाल नाकाला लावला. तू पुढं गेल्यावर मला म्हणाले, "मॅडम, स्टाफला जरा राहणीचं सांगत जा."

मी म्हणाले, "हो सर."

सर, संडास तुंबला होता, असं म्हणायला किती शब्द लागतात? तुंबलाय हे मला माहीत होतं, कुलूप मी लावलंय, हे तर सांगायलाच नको. तुझी भिजलेली साडी ही माझ्या कामचुकारपणाची साडी होती. पण माझी इस्त्री मोडलेली नव्हती, म्हणून मी स्वच्छ. त्या आठवड्यात गोपनीय अहवाल लिहायचे होते. तुझ्या अहवालात राहणीच्या रकान्यात मी तो शब्द लिहिला. आणि शेरा प्रतिकूल धरला तर तो तुला लेखी कळवावा लागला असता, म्हणून मी पुढं 'असली तरी अध्यापन उत्तम' जोडलं. कौतुकात गुंडाळला की कळवावा लागत नाही. मराठीची बाई आहे ना मी, वाक्य कसं रचायचं ते मला येतं.

पुढल्याच वर्षी जिल्ह्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना शिकवायला आपल्या शाळेतून एक नाव जायचं होतं. तुझंच जाणार, सगळे धरून चालले होते. तू त्यासाठी बीडहून चप्पल आणलीस, टाचेची, आणि स्टाफरूममध्ये चालून दाखवलंस. संस्थेच्या लोकांनी फाइल मागवली. मग म्हणाले, जिल्ह्यावर शाळेची इज्जत जाते, जरा नीटनेटका माणूस पाठवू. गाइडातून वाचून शिकवणारा एक कडक इस्त्रीचा तरुण गेला. तू मला म्हणालीस, "संस्थेला मुसलमानाची बाई नको आसंल. जाऊ दे." आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. ज्या हातानं लिहिलं होतं तोच. तुला जे वाटलं ते मी तसंच वाटू दिलं, कारण त्यात माझं नाव येत नव्हतं. याहून घाण काय असतं, तूच सांग. याला तुझ्या कोशात शब्द नव्हता.

गेली तीन वर्षं तू पलंगावर होतीस. उजवी बाजू गेली तुझी. दर जुम्म्याला दुपारी मी यायचे, तुझे केस विंचरायचे. तुला ते फार आवडायचं असं नाही. "इतकी नीट भांग पाडू नगं, मला वळखू येनार न्हाई," म्हणायचीस. डाव्या हातानं कप धरायचीस आणि चहा बशीत, चादरीवर, माझ्या साडीवर सांडायचा. "बघ, आता मी पक्की स्लॅटर्न झाले," तू म्हणायचीस, जीभ वळत नव्हती तरी तो शब्द नीट म्हणायचीस. मी चादर बदलायचे. दर वेळी ठरवून यायचे की आज सांगायचं. फणी हातात असायची, तुझं डोकं माझ्या समोर असायचं, तोंड पलीकडं. सांगायला याहून सोपी जागा नव्हती. मी हवापाण्याचं बोलायचे, कापसाचं बोलायचे.

तुझ्या मातीच्या दिवशी, तुला शेवटची आंघोळ घातल्यावर, शेजारची म्हातारी रुखसारला म्हणाली, "गुसलनंतर काय सुरेख दिसत होती तुझी अम्मी. किती नीटनेटकी." त्या बाईवर मी मनातल्या मनात जळले. जिवंतपणी हात हलवणारी बाई चालत नाही तुम्हाला, हात हलायचे थांबले की सुरेख. पण मी कुणावर जळत होते?

तर परवा सरांनी ते वाक्य वाचलं आणि मी उठले. "सर, हे वाक्य खोडा."

ते गोंधळले. "मॅडम, रेकॉर्डवर आहे. त्या वेळच्या कुणा जबाबदार व्यक्तीनंच लिहिलेलं असणार."

"मीच लिहिलंय," मी म्हणाले. "खोटं लिहिलंय."

मग मी सगळं सांगितलं. कुलूप, बांबू, बादल्या, साहेबांचा रुमाल, 'हो सर', टाचेची चप्पल. संस्थेचे एक वयस्कर सदस्य मध्येच म्हणाले, "ताई, दुःखाचा प्रसंग आहे. आता संडासाचं नाव कशाला काढायचं?" मला इतका संताप आला की माझा आवाज फुटला. "संडासाचं नाव घेतलेलं चालत नाही आणि तिला गबाळी म्हटलेलं चालतं? तिचं नाव घेताना चालतं?" मी इतिवृत्ताची वही मागितली. लिपिक सरांकडं बघत राहिला. सरांनी शेवटी मान हलवली. मी उभ्यानं लिहिलं की नसीम मॅडमची साडी त्या दिवशी का भिजली होती आणि ते कुणी लपवलं. खाली सही केली, पूर्ण नाव लिहिलं. कुणी टाळी वाजवली नाही, बरं झालं. दोन जुन्या बाया माझ्याशी न बोलता निघून गेल्या.

मला वाटलं होतं, छाती हलकी होईल. गेटजवळ रुखसार स्कूटीपाशी थांबली होती. केजला दवाखान्यात नर्स आहे ना ती, ड्यूटीला जायचं होतं तिला. तिचे डोळे लाल होते, पण रडत नव्हती. तुझ्यासारखी सरळ बघते ती.

"सुमनमावशी, येक विचारू? तीन वर्सं दर जुम्म्याला तुमी येयचात. अम्मीचं डोकं तुमच्या मांडीवर असायचं. तवा कावून न्हाई सांगितलं?"

"भ्याले, बाळा," मी म्हणाले. "तुझ्या अम्मीनं मला घरात घेणं बंद केलं असतं."

तिनं जरा विचार केला. "हां, केलं असतं. लई कडू होती ती. चार दिस तुमाला दारात उभं केलं नसतं, काय काय बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, इंग्रजीत बी. मंग पाचव्या दिशी म्हनली असती, जा, त्या सुमनला बोलव, माझे केस गुतलेत."

एवढं बोलून ती गेली. मी गेटला धरून उभी राहिले.

तेव्हापासून, नसीम, मी दुसरा विचार करू शकलेले नाही. मी तुझं जिल्ह्याचं काम घालवलं, ते मोठंच होतं. पण ते चार दिवसही तुझे होते. माझ्यावर चिडायचे, मला दारातून परत पाठवायचे, तुझ्या त्या वाकड्या जिभेनं मला हव्या तेवढ्या शिव्या घालायचे चार दिवस. तुझ्या हक्काचा राग होता तो. तोही मी तुला मिळू दिला नाही.